डिंक न लावलेल्या काड्या

चोपन्न सालचा पूर ओसरला, तशी नाल्याच्या वाळूत पितळेची चुन्याची डबी सापडली. चंदाबाई ती पदरात धरून थेट ठाण्यात आली.

"माह्या नवऱ्याची हाये, साहेब. हा पोचा पाहा. मीच फेकून मारली होती."

मुखरू रेल्वेचा गँगमन, रूळ तपासत फिरणारा. दोन पावसाळ्यांमागं ऐन चैतात तो नाहीसा झाला. स्टेशनमास्तर नानाजींनी त्याला बोचकं घेऊन चांद्याच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. गाव म्हणालं, दुसरी केली असंल. चंदाबाईनं मात्र कुंकू ठळक लावून वाट पाहिली.

"जाताना विसरला असेल," ठाणेदार गुणवंतराव म्हणाले.

"बायको विसरन साहेब. चुना नाई विसरत."

गुणवंतरावांना हसू आलं, पण टिकलं नाही. नाला कोसभर रुळाच्या कडेनं वाहतो. डबी कुठून वाहून आली, कोण सांगणार?

ते सायकलनं स्टेशनाकडे निघाले. वाटेत, वाघानं लाकूडतोड्याला धरलं होतं त्या जागी उतरून त्यांनी डहाळ्यांच्या ढिगावर एक हिरवी डहाळी टाकली. अवचित मरणाच्या जागेवरून या मुलखात कोणी रिकाम्या हातानं पुढं जात नाही.

नानाजींची खोली म्हणजे गंमतच. जुन्या दाराच्या फळीवर अख्खी रेल्वेलाईन मांडलेली. कामट्यांचे रूळ, दोडक्याच्या जाळीची झाडं, रंगवलेल्या भुशाचं गवत, नखाएवढी घागर घेतलेली बाई.

"फुंकर मारून पाहा," नानाजी कौतुकानं म्हणाले. "पान हलणार नाही. बाभळीचा डिंक आहे."

गुणवंतरावांनी फुंकर मारली. पान हललं नाही. फक्त वळणावर, मोहाच्या झाडाखाली, चिमूटभर काड्यांची ढिगली विस्कटली. नानाजींचा हात झटकन तिकडे गेला.

"हे काय, मास्तर?"

"कचरा. पडला असेल."

"इतक्या नेटक्या मांडणीत?"

गुणवंतराव वाकले. खालच्या काड्या वाळून कोळ झालेल्या, वरची अजून हिरवी.

"या वळणावर जाता कधी?"

"झाडं पाहायला जायचो. आता नाही जात."

"काऊन?"

"पाय दुखतात."

मागोमाग आलेली चंदाबाई दारात टेकली होती. गुणवंतरावांनी तिला आत बसवलं. तिच्यासमोर हे बोलावं की नाही, कळेना. पण दोन वर्षं तिच्यामागंच तर बोललं गेलं होतं.

"मास्तर, त्या वळणावर कोणी मेल्याचं ठाण्यात नाही, गावाला ठाऊक नाही. तरी तुमच्या फळीवर तिथं मयताची ढिगली आहे. सगळ्याला डिंक लावलात, हिला नाही. कारण ही वाढत राहते. खऱ्या जागी काडी टाकली असती, तर लोकांनी विचारलं असतं, इथं कोण मेलं? टाकल्याशिवाय तुम्हाला राहवेना. म्हणून इथं टाकत राहिलात. आणि मुखरूला गाडीत चढताना पाहिलं ते एकट्या तुम्हीच."

नानाजी खाली बसले.

"झाडं डोळ्यांत भरून घ्यायची होती," ते म्हणाले. "रुळावरची ढकलगाडी उतारावर सोडली. ब्रेक लागला नाही. तो पाठमोरा होता, साहेब. नोकरी गेली असती... तिथंच मोहाखाली पुरला. पुरानं काठ खचला असेल."

बाहेर कोणीतरी शेळ्या हाकत गेलं.

"लगेच गेला काय?" चंदाबाईनं विचारलं.

"नाही."

"काई बोलला?"

"पाणी मागितलं."

"मंग?"

"नाला आटला होता. पाणी स्टेशनातच. आणायला आलो असतो, तर गड्यांनी विचारलं असतं कोणासाठी. मी... मी त्याच्याजवळ बसून राहिलो, चंदाबाई. शेवटपर्यंत बसलो."

"म्हंजे नाई देलं."

चंदाबाई रडली नाही. ती गुणवंतरावांकडे वळली.

"लिवा साहेब. मारलं, पुरलं, ते तुमी लिवसानच. पाणी नाई देलं, तेबी लिवा."

गुणवंतरावांनी कागद काढला. अपघात लिहिला, लपवलेलं प्रेत लिहिलं, खोटी साक्ष लिहिली. मग टाक हातात धरून बसले. ते चौथं कोणत्या कलमात बसतं, त्यांना आठवेना.