जॅकवरची गाडी

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आहे, त्यामुळे मला कुणाला विचारून लिहायची गरज नाही. पटली तर पटली. नाही पटली तर अंथुर्ण्याहून बारामतीला येताना लासुर्ण्याच्या पुढं कॅनॉलचं एक वळण लागतं, तिथं दिवस मावळताना एकदा थांबून बघा. मग आपण बोलू.

साल १९९८. फेब्रुवारी महिना, उसाचा हंगाम.

मी रोहिणी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी अंथुर्ण्याला आले होते. नवऱ्याचं नाव दादासो. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता रागवायला तो आहे कुठं? पंचवीस वर्षं एकटीनं काढली की लिहिताना अहोजाहो पण सुटतं.

दादासोचं बारामतीत टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. माणूस टायरवेडा. लोक देवाच्या पाया पडतात, हा नव्या टायरच्या नक्षीवरून हात फिरवायचा. त्या वर्षी पुण्याच्या एका शेटनं आपली विलायती गाडी विकून द्यायला याच्याकडं ठेवली होती. लाल, बसकी, दोनच सीटची. गिऱ्हाईक मिळेपर्यंत वापर म्हणाला, आणि आमच्या शहाण्याला गगन ठेंगणं झालं.

त्या दिवशी दुपारी गाडी घेऊन तो अंथुर्ण्याला आला. निमित्त मला बघायचं. खरं म्हणजे गाडी दाखवायची होती.

माझे वडील, आबा, इंदापूर-बारामती वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी, जीप चालवायचे. त्यांनी लाल गाडीला एक चक्कर मारली, मागची डिकी उघडून बघितली.

"जावई, स्टेपनी कुठाय?"

"न्हाय आबा. हिला लागत न्हाय."

"आन् जॅक?"

"त्यो बी न्हाय. ह्या टायरची भिंतच अशी जाड हाय, हवा समदी गेली तरी गाडी पळती. पंक्चर झालं तरी बारामतीपतोर न थांबता जाईल. स्टेपनीचं वझं वागवायचं कशाला?"

आबांनी डिकी लावली. मग म्हणाले, "रस्त्यावर थांबायची येळ येती माणसावर. आपल्यासाठी न्हाय आली तर दुसऱ्यासाठी येती."

याच्यामागं एक गोष्ट होती, ती आमच्या भागातल्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती.

लासुर्ण्याच्या पुढच्या त्या वळणावर पूर्वी झुंबर नावाच्या वडापवाल्याची जीप पंक्चर झाली होती. एकटाच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होता... "जरा हात लावता का..." दिवस मावळत होता, ज्याला त्याला घरची घाई. कुणी थांबलं नाही. शेवटी एकट्यानंच चाक काढलं. जॅक घसरला आणि जीप अंगावर आली.

तेव्हापासून वडापवाल्यांनी एक नियम पाळला. जॅकवर गाडी असलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही. किती का घाई असेना. उतरायचं, पान्ह्याला नुसता हात लावायचा, मग पुढं जायचं. आबा तर पॅसेंजर ओरडले तरी उतरायचे.

दादासो हसला. "आबा, माझ्या गाडीवर ही येळच यायची न्हाय."

आबा संध्याकाळी लग्नाचं भाडं घेऊन फलटणला गेले. आणि ते गेल्यावर थोड्याच वेळात माझ्या पोटात कळ आली.

दिवस भरायला अजून अवकाश होता. पहिल्यांदा वाटलं, उगाच दुखतंय. मग पाणी गेलं. माझी आई, सारजा, तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं.

"बारामतीला न्या. आत्ताच्या आत्ता."

गावात दुसरी गाडी नव्हती. होती ती लाल गाडी, दोन सीटची. एकावर मी, एकावर दादासो. आईला बसायला जागाच नाही. तिनं माझ्या पदराला हळदी-कुंकू लावलं आणि ती रस्त्यावर उभी राहिली. आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभीच होती.

दिवस बुडाला होता. उजेड होता, पण सावल्या गेलेल्या.

गाडी खरंच पळत होती. मी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. पोटातली हालचाल कमी कमी होत चालली होती आणि मला फक्त एकच भीती होती... बाळ थांबलं तर?

लासुर्णं मागं पडलं.

आणि मग मला एक गोष्ट जाणवली.

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

उसाचा हंगाम, संध्याकाळची वेळ. या वेळेला त्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग असते. घुंगरांच्या आवाजानं डोकं उठतं. त्या दिवशी एक गाडी नाही, एक ट्रॅक्टर नाही. उसाची चिपाडं तेवढी रस्त्यावर पडलेली.

वळण आलं.

डाव्या बाजूला एक जीप उभी होती. मागचं चाक काढलेलं. जॅकवर. आणि तिच्याशेजारी एक माणूस हात करत होता.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "आबांचा नियम हाय."

दादासोनं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघितला. आणि ॲक्सिलेटर दाबला.

"तुझ्यापरीस कुणी मोठं न्हाय मला," म्हणाला.

आम्ही त्याला ओलांडून पुढं आलो. काच खाली होती. मला त्याचा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा...

"जरा हात लावता का..."

थोडं पुढं गेलो असू.

थप... थप... थप...

मागून. डाव्या चाकाकडून. हवा गेलेलं टायर रस्त्यावर आपटतं तसा आवाज.

दादासो मला धीर द्यायला हसला. "पंक्चर झालं वाटतं. बघ, तरी पळतीय का न्हाय? साधी गाडी आसती तर हितंच बसलो आसतो."

मी त्याच्या दंडाला धरलं. कारण मला पुढं दिसत होतं...

डाव्या बाजूला जीप उभी होती. मागचं चाक काढलेलं. जॅकवर.

तीच जीप. तेच वळण.

या वेळी तो माणूस हात करत नव्हता. चाकाशी उकिडवा बसून आमच्याकडं बघत होता. आमची गाडी पुढं गेली तशी त्याची मान वळत गेली.

दादासोचं हसू गेलं. त्यानं पण बघितलं होतं.

"थांबू नगासा आता," मी म्हणाले. आता मला त्या माणसाजवळ जायचं नव्हतं.

थप... थप... थप...

कानात तोच आवाज. बाहेर तोच ऊस. अंधार पडत चाललेला.

आणि परत ते वळण.

या वेळी जीप खाली बसलेली होती. माणूस दिसत नव्हता. जीपच्या खालून दोन पाय तेवढे बाहेर होते.

पाय हलत होते.

दादासो तोंडानं बिरोबाचं नाव घेत होता, डोळे फक्त रस्त्यावर. मी डोळे मिटले. पोटावर हात ठेवला आणि मनात बाळाला सांगत राहिले, हल रे बाबा, एकदा हल.

त्यानं लाथ मारली.

त्याच क्षणी थपथप बंद झाली. डोळे उघडले तर समोर बैलगाड्या होत्या, घुंगरं वाजत होती, लांब भवानीनगरचे दिवे दिसत होते. एवढा वेळ हे सगळं कुठं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

बारामतीला दवाखान्यात पोचलो. मला आत न्यायच्या आधी दादासो गाडीच्या मागं गेला. मी स्ट्रेचरवरून बघत होते. त्यानं डाव्या टायरवर बुक्की मारली. परत मारली. मग खाली बसून टायरवरून सगळीकडं हात फिरवला.

"हवा तर फुल हाय," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. आयुष्यभर टायर हाताळलेला माणूस, त्यानं परत एकदा तळहात टायरवर दाबून बघितला.

नर्स बाहेर आली. ऑपरेशन करावं लागेल म्हणाली, पेशंटबरोबर बाईमाणूस पाहिजे.

"सासूबाईला घिऊन येतो," दादासो म्हणाला.

मी त्याचा शर्ट धरला. "त्या रस्त्यानं नगं. सकाळी जावा."

"आई तितं रस्त्यात हुबी आसंल, रोहिणी." त्यानं माझी बोटं सोडवली. "मगाशी तू सोबत हुतीस म्हणून थांबलो न्हाय. आता एकटाच हाय. दिसला तर उतरतो, हात लावतो, म्हंजे मिटलं. आलोच."

आलोच म्हणाला.

मला मुलगा झाला. मी शुद्धीवर आले तेव्हा उजाडलं होतं आणि उशाशी आई बसलेली होती. आबांनी जीपमधून आणलं होतं तिला. मी विचारलं, "हे कुठायत?" आई बाळाकडंच बघत राहिली.

तो आबांनाच सापडला होता. फलटणहून दुसऱ्या वाटेनं पहाटे परत आल्यावर आईला घेऊन निघाले, तर त्या वळणावर लाल गाडी उभी. डावी बाजू जरा उचललेली. दादासो तिच्याखाली दबलेला.

चारही टायर ठणठणीत होती. एकात सुद्धा हवा कमी नव्हती.

मग तो गाडीखाली कशाला गेला?

शेजारी एक जॅक पडला होता. जुना, गंजलेला, लाकडी ठोकळ्यासकट. पोलिसांनी तो मयताचा म्हणून लिहिला. आबा सांगून दमले की त्या गाडीत जॅक नव्हताच. कोण ऐकतंय? अपघात म्हणून कागद झाला आणि शेट आपली गाडी घेऊन गेला.

मला दादासोचा राग येतो. अजून येतो. थांबायचं तेव्हा थांबला नाही, आणि नको तेव्हा गेला थांबायला. मग आठवतं, आधी तो थांबला नाही ते माझ्यासाठीच. आणि मग मला राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

आबांनी नातवाचं नाव बिरुदेव ठेवलं. बिरूला मी एवढंच सांगितलं, तुझे वडील गाडीच्या अपघातात गेले. गाडी कसली, रस्ता कुठला, काही सांगितलं नाही. पोरानं त्या रस्त्यानं जाताना घाबरू नये म्हणून. आबांचा नियम मात्र त्याला लहानपणापासून पाठ होता, आबांनीच शिकवलेला.

इथपर्यंत मी आधीही चार लोकांना सांगितलं आहे. पुढचं कुणालाच नाही.

गेल्या महिन्यात बिरू इंदापूरहून मोटारसायकलवर आला. दोन्ही हात काळे.

"कुठं पडलास का काय?"

"न्हाय गं. एका काकांची गाडी जॅकवर हुती. पान्हा धरू लागलो."

मी रॉकेलचा बोळा त्याच्या हातावर फिरवत होते. हळूच विचारलं, "कुठली गाडी?"

"लाल हुती. बसकी, दोन सीटची. आसली आपल्याकडं बघितली न्हाय कधी."

माझा हात थांबला.

"माणूस कसा हुता?"

"तोंड न्हाय दिसलं. गाडीखाली पडून काम चाललं हुतं त्यांचं. हात तेवढा भाईर." बिरूनं दुसरा हात पुढं केला. "पर येडंच कायतरी इचारलं बघ. म्हणला, बाळ-बाळंतीण सुखरूप हायत का?"

बोळा मी त्याच्या हातात दिला.

"म्हणलं काका, माझं अजून लगीन न्हाय. तर म्हणला, तुझी न्हवं. माझी. दवाखान्यात सोडून आलोय." बिरू हात पुसत होता. "वाईट वाटलं गं मला. म्हणलं, काय काळजी करू नगा, समदं नीट हुईल. आमी बारामतीत कसब्यात ऱ्हातो. या की एकदा घरी."

आपल्याकडं असंच म्हणतात. कुणालाही म्हणतात. या की घरी.

परवा मी देवापुढं दिवा लावत होते.

आधी शेजारच्या टीव्हीचा आवाज गेला. मग गल्लीतली पोरं गप्प झाली. लाईट होती, पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती.

मग गल्लीच्या तोंडाशी...

थप... थप... थप...

इंजिनाचा आवाज नाही. नुसतं टायर. सावकाश येत होतं, एकेक घर बघत बघत यावं तसं.

आमच्या दारासमोर थांबलं.

"काका आलं वाटतं," म्हणत बिरू उठला.

मी त्याचा हात धरला. इतका घट्ट की तो बघतच राहिला. त्याच्या बापाचा शर्ट मी असाच धरला होता, आणि तेव्हा सुटला होता.

दार उघडलं नाही. बाहेर दादासो होता की त्याचं सोंग घेऊन झुंबर आला होता, मला सांगता येत नाही. पण जो होता, तो काहीतरी ऐकायला थांबला होता. मी दाराला तोंड लावलं.

"अहो," मी म्हणाले. "सुखरूप हाय समदं. मुलगा झाला. मी पण बरी हाय. तुमी जावा आता."

दाराच्या पलीकडं कुणीतरी मोठा श्वास सोडला.

मग टीव्ही ऐकू आला. पोरं ओरडायला लागली. पंखा घरघरायला लागला. बिरूनं माझ्याकडं बघितलं, मी रडत होते. थोड्या वेळानं त्यानं दार उघडलं. गल्ली मोकळी होती.

तो निघून गेला असंच मला वाटायला हवं. सगळं सांगून झालंय.

पण येताना मी त्याला ऐकलं होतं, गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत. परत जाताना काहीच ऐकू आलं नाही.