हंबकर बसवल्यावर

पटणार नाही, माहीत आहे. मलाही पटलं नसतं. पण गिटारदुरुस्तीचं दुकान माझं, कान माझे आणि गिटार माझ्या सख्ख्या भावाची.

रविवारची दुपार होती. शटर अर्धं ओढून मी डबा उघडणार, तेवढ्यात वहिनी आल्या. हातात दादाची इलेक्ट्रिक गिटार. दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"भावजी, चिमणी आता बाबांची गिटार वाजवायला बसते. पण गिटारची गुणगुण ऐकली की मला रात्रभर झोप लागत नाही. आत कोणीतरी बोलतंय असं वाटतं. बंद करा ती."

मला हसू आलं.

"वहिनी, यात सिंगल कॉइल पिकअप आहे. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचं एकच वेटोळं. वर गिटारची तार हलली की त्यात वीज तयार होते, तिचाच आवाज होतो. पण ते ट्यूबलाइटची घरघरही पकडतं. हंबकर बसवतो. त्यात दोन वेटोळी, एकमेकांच्या उलटी. बाहेरची घरघर आपापसात कटते. तारांचं तेवढं उरतं."

"सूर बदलेल?"

"जरा जाड होईल. दादाने माझं डोकं खाल्लं असतं. पण तुम्हाला झोप तर लागेल."

"मग बसवा."

हंबकर बसवला. गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरला जोडली.

गुणगुण गेली. एकदम चिडीचूप.

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला.

मग...

अँपमधून आणखी एक श्वास आला.

मी गिटारकडे पाहिलं. तिला कोणाचाच हात लागला नव्हता. पण सगळ्यात जाड तार...

थरथरत होती.

मी ती तळव्याने दाबली. हाताखाली ती हलतच राहिली. मी जाम घाबरलो.

अँपमधून काहीतरी पुटपुटणं आलं. वहिनींनी कान जवळ नेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भावजी... जुनाच बसवा."

"का?"

"आता शब्द कळायला लागलेत."

कसाबसा जुना पिकअप जोडला. घरघर परत आली आणि बाकी सगळं तिच्यात बुडालं.

"काय म्हणाला दादा?"

"तो आवाज ह्यांचा नव्हता, भावजी. पण चिमणीला हाक मारत होता."

गिटार त्यांनी नेली नाही. ती माझ्या माळ्यावर आहे, तारा काढून. चिमणी सारखी फोन करायची, "काका, माझी गिटार कधी देणार?" मी काहीतरी थाप मारायचो.

परवा तिचा फोन आला.

"घाई नाही हं काका. आता तो गिटारशिवायही बोलतो."

वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही.