कॅमेऱ्यासमोर काजळ

“काळा रंग द्यायला सांगितला होता, काळा! हा तर आतून नुसता चमकतोय!”

शाल्मलीनं हिंदीत तोंडाचा पट्टा सुरू केला, तसा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधल्या तरुणानं लेथ मशीन बंद केलं आणि शांतपणे ऐकत राहिला. बाहेर भुरभुर चालू होती, तिची ओढणी भिजली होती आणि हातातला ॲल्युमिनियमचा डबा चांगलाच जड होता.

“काळाच तर आहे,” तो म्हणाला.

“डोळ्यांना! इन्फ्रारेड कॅमेऱ्याला नाही.” मग ती मराठीत स्वतःशीच पुटपुटली, “कोणाला सांगतेय मी पण!”

“मला सांगा की,” तो चक्क मराठीत म्हणाला. “फक्त… हा डबा शेजारच्या शेडनं केलाय. आम्ही नाही.”

शाल्मलीला कुठं तोंड लपवू असं झालं. तो हसला — आणि तिच्या हातातलं ओझं अलगद काढून घेतलं. “मी नागराज. निपाणीचा. बसा, चहा मागवतो.”

चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. नागपूरची ती, मल्लेश्वरमजवळच्या एका संस्थेत संशोधन करत होती. केसाहून हजारो पटींनी बारीक कण बनवायची. लेझर पडला की ते असा प्रकाश सोडत, जो डोळ्यांना दिसत नाही, पण मांसातून वर येतो. ऑपरेशनच्या वेळी गाठीचा उरलेला तुकडाही डॉक्टरांना दिसावा, म्हणून ही खटपट. तिच्या आईला असाच एक तुकडा राहिल्यामुळे दोनदा ऑपरेशन सोसावं लागलं होतं.

“शुक्रवारी सर्जन येताहेत बघायला. त्यांना पटलं तरच काम पुढं जाईल. आणि कण ज्यात ठेवून बघायचे, त्या डब्याच्या भिंतीच उजळतात… माझे कण दिसतच नाहीत.”

नागराजनं कप खाली ठेवला. “शुक्रवारला चार दिवस आहेत की.”

मग तो रोज संध्याकाळी मेट्रोनं प्रयोगशाळेत यायला लागला, नवनवे काळे रंग दिलेल्या पट्ट्या घेऊन. कॅमेऱ्यात प्रत्येक पट्टी पांढरीफटक!

“हीही गेली,” बुधवारी शाल्मली हताश होऊन म्हणाली. नागराज मात्र पट्टीकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.

“काय झालं?”

“तुमचं काजळ…”

“पसरलंय?”

“नाही, छान आहे. विकतचं?”

“आई पाठवते. घरी दिव्यावर धरून करते.”

“मग कॅमेऱ्यासमोर बसा की जरा.”

“अहो, ही लाइन मारायची पद्धत असेल तर—”

“तेही आहे,” त्याचे कान लाल झाले, “पण आधी काम.”

लेझर बंद करून, साध्या दिव्यात ती बसली. पडद्यावर तिची काळी ओढणी पांढरी दिसत होती, केसही फिकटले होते. डोळ्यांतल्या दोन रेघा तेवढ्या काळ्याभोर.

“काजळी!” दोघं एकदमच ओरडले.

गुरुवारी नागराजनं लाखेत काजळी खलून डबा आतून रंगवला. शुक्रवारी सर्जन डॉ. रंजिता आल्या. डब्यात कणांच्या कुपीवर, माणसाच्या मांसाऐवजी, चिकनचा जाड तुकडा ठेवून शाल्मलीनं लेझर लावला. अंधाऱ्या पडद्यावर एक ठिपका उजळला… स्वच्छ, एकटा.

डॉक्टर पडद्याजवळ वाकल्या. “हे माझ्या पेशंटपर्यंत पोचायला हवं,” त्या म्हणाल्या. “पुढचं काम आपण एकत्र करू.”

शाल्मलीचे डोळे भरून आले. दाराशी उभ्या नागराजला ती काही सांगायला गेली, पण तेवढ्यात डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

ते राहिलेले शब्द तिनं पाच महिन्यांनी लिहिले. मल्लेश्वरमच्या एका कॉफीच्या दुकानात तिनं आपल्या शोधनिबंधाचं शेवटचं पान त्याच्यापुढं सरकवलं. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या आधी, सगळ्यांत वर, त्याचं नाव होतं. मनापासून आभार मानलेले.

नागराजनं ते दोनदा वाचलं. मग खाली मान घालून म्हणाला, “आमच्याकडं… घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत.”

कॉफी निवत चालली.

“वाक्य राहू दे,” शेवटी ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला एकेरीत, “छापून येईपर्यंत तू परका.”

“आणि छापून आल्यावर?”

“नागपूरला चल, आईला भेटायला. ती मात्र आभार मानेल हं. तिला मानू दे.”

नागराजला मराठी सुचेना. “सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच कन्नडमध्ये म्हणाला तो, आणि टेबलावरचा तिचा हात हातात घेतला.