चुकून झालेला पुकारा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी कोर्टात पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी आई होती आणि बाहेर रखरखीत दुपार होती.

रात्र असती तर बरं झालं असतं. निदान भास झाला म्हणता आलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने जिवे मारलं. त्याला जन्मठेप झाली. आमचा हा दावा पोलिसांवर होता. मरायच्या आदल्या दिवशी ती लंगडत ठाण्यात गेली होती, कारण नवऱ्याने तिच्या पायावर दार आपटलं होतं. मला घरी पाठवू नका, म्हणाली. फौजदाराने नवऱ्यालाच बोलावून घेतलं, चार शब्द सुनावले आणि तिला त्याच्याच हवाली केलं. नवरा-बायकोचं भांडण, त्यात पोलिसांनी कशाला नाक खुपसायचं, नाही का?

आईला एकच हवं होतं. चूक झाली, एवढं कुणीतरी म्हणावं.

जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्ट परत भरलं. फौजदाराची साक्ष अर्धी राहिली होती, तो पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. पट्टेवाला नवखा होता. दाव्याच्या कागदावर आधी बहिणीचं नाव, पुढे 'मयत', मग वारस म्हणून आईचं. त्याने पहिलंच नाव उचललं आणि दारात उभं राहून पुकारा केला.

तीनदा. खणखणीत आवाजात.

आईने माझा हात घट्ट धरला. आमचे वकील त्याला थांबवायला उठले, तेवढ्यात...

व्हरांड्यात पाऊल वाजलं.

एक पाऊल टेकायचं... दुसरं फरशीवर घासत यायचं.

दार उघडंच होतं. दारात कोणी नव्हतं.

पट्टेवाला मात्र बाजूला सरला.

आवाज बाकांमधून पुढे गेला... आमच्या शेजारून... थांबला नाही. पिंजऱ्याची लाकडी पायरी करकरली.

फौजदार कोपऱ्यात सरकला. अर्धी जागा मोकळी सोडून.

पोलिसांच्या वकिलांनी त्याला विचारलं, ती नवऱ्याबरोबर आपणहून गेली का?

"हो. स्वखुशीने गेली," तो म्हणाला. मोकळ्या जागेकडे मात्र बघेना.

आणि त्याच्या शेजारून हुंदका आला...

बारीक, दाबलेला. लहानपणी ती उशीत तोंड खुपसून रडायची, अगदी तसा.

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोण रडतंय?"

आईचे डोळे कोरडे होते. माझेही.

"त्या बायकांना बाहेर बसवा," ते म्हणाले.

आम्ही दोघी व्हरांड्यात येऊन उभ्या राहिलो. आतून रडणं ऐकू येतच होतं.

पुढे निकाल लागला. ती सज्ञान होती, स्वखुशीने गेली, पोलिसांवर जबाबदारी येत नाही. दावा फेटाळला.

निकालाच्या दिवशी मी पट्टेवाल्याला गाठलं. त्या दुपारी कुणाला वाट दिलीस, म्हणून विचारलं.

"ताई, दिसलं कोणीच नाही. पण कानाशी कोणीतरी म्हणालं, मला आत येऊ द्या."

आई आता वरच्या कोर्टात जायचं म्हणते. मी काही ना काही सबब सांगून टाळतेय. खरं कारण तिला सांगायची माझी हिंमत नाही.

तिथेही चुकून पुकारा झाला तर ती लंगडत येईल. आणि तिच्यादेखत परत सांगतील, ही स्वखुशीने गेली.