धक्क्यावर उरलेला निळा जोड

उद्या धरणावर बोटीत बसायला निघालाच आहात, तर ऐकून जा. मागाहून म्हणू नका, आजी काही बोलली नाही म्हणून. आणि तो दिवा राहू दे रे. ही गोष्ट सांगताना मलाच अंधार नको वाटतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान तिथं बोटी भाड्यानं द्यायचे. पायडलच्या बोटी, दोघांनी शेजारी बसून मारायच्या. दोन्हीकडची पायडलं एकाच दांड्याला. एकानं मारली की दुसऱ्याच्या पायांखालचीही फिरतात. एकटंदुकटं लहान मूल आलं की मेहुणे स्वतः सोबत बसायचे. ते दमलं की म्हणायचे, "पाय वर घे, बाळा. मी नेतो."

चपलेनं पाय सटकतो, म्हणून सगळ्यांना चपला धक्क्यावर काढायला लावायचे. संध्याकाळी धक्का रिकामा झाला की समजायचं, पाण्यात कोणी नाही. मगच कुलूप.

शाळा सुरू व्हायच्या आदला रविवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू? चांगलं टिपूर चांदणं होतं. पावणेआठला बोटी बांधून झाल्या. एकही कमी नाही. पण धक्क्यावर चपलांचा एक जोड राहिलेला. निळा, रबरी, एवढासा. एक पट्टा तुटलेला, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.

मेहुण्यांनी वाकून पाहिलं. त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिच्याच मापाच्या चपला.

फाटकावरचा पहारेकरी हसला. "अहो, विसरलं असेल कुणाचं तरी पोर. घरी जा, नाहीतर वहिनी तुम्हालाच शोधायला बोट काढतील."

"आणि पोर पाण्यात असलं तर? मला झोप लागेल का?"

बॅटरी घेतली, एक बोट सोडली. आधी काठाकाठानं पाहिलं. हाका मारल्या. झुडपं, खडक, पाणी... दुसरं काही नाही. मग आत गेले. समोर तरंगत्या लाल पिंपांची रांग दिसायला लागली. तिच्यापलीकडे कोणी जात नाही. तिथं पाणी खाली विजेच्या यंत्रांकडे ओढलं जातं. वरून अगदी शांत दिसतं. पण तिकडे गेलेलं माघारी येत नाही.

"बाळाऽ!"

कोणी ओ देतंय का ऐकायला ते थांबले. पाय पायडलांवरून उचलले.

पायडलं थांबली नाहीत.

फिरतच राहिली... हळू... मग जोरात. शेजारच्या बाकावर बॅटरी मारली. कोणी नाही. बाक मात्र ओला.

पाय रोवून अडवायला गेले. पायच झिडकारले गेले. सुकाणू ओढलं. हलेना. पिंपं जवळ येत होती...

"आजी, उडी मारायची ना मग!"

कुठं मारायची, शहाण्या? त्या पाण्यात?

  शेवटी मेहुण्यांच्या तोंडून निघालं ते रोजचंच.

"दमलीस ना, बाळा? पाय वर घे. मी नेतो तुला... घरी."

पायडलं थांबली.

परत कसे आले, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. समोर बघत मारत राहिले. शेजारी पाहिलं नाही. बोट सगळा रस्ता त्या बाजूला कललेली.

धक्क्यावर निळा जोड नव्हता. मेहुण्यांना हायसं वाटलं. पोराला घेऊन कोणीतरी आलं असेल, चपला घालून घरी नेलं असेल.

मी त्या आठवड्यात बहिणीकडेच राहायला होते. मेहुणे आले तशी बहीण दारातच कडाडली, "मघाशी कडी वाजवून कुठं पळालात? या वयात चेष्टा सुचते?"

कडी मीही ऐकली होती.

 मेहुणे खाली उंबऱ्याकडे बघत राहिले. मग आम्हीही पाहिलं.

लेकीच्या चपला नेहमीच्या जागी होत्या. त्यांना लागून निळा जोड. पट्ट्याला पांढरा दोरा. टोकं घराच्या आत वळलेली...

पाणी अजून निथळत होतं.