निळ्या माशाची कपार

शनिवारी सकाळी फोन आला तेव्हा सहायक फौजदार मन्मथ स्वामी चौकीत बुटाच्या नाड्या सैल करून बसले होते. निवृत्तीला तीन महिने होते. पाय मात्र आधीच निवृत्त झाले होते.

"औसा रोडवरून अमृतराव बोलतोय, रिटायर्ड कार्यकारी अभियंता. मिसेसच्या चार तोळ्यांच्या पाटल्या चोरीला गेल्यात. बाईला बसवून ठेवलंय. लवकर या."

सोनं सापडत नाही आणि बाई मात्र लगेच सापडते, हे स्वामींना पस्तीस वर्षांत पाठ झालं होतं. ते कण्हत उठले.

पारूबाई दिवाणखान्याच्या दाराशी फरशीवर बसली होती. सोळा वर्षं ती या घरची धुणीभांडी करत होती. गल्लीत तिची आणखी चार घरं होती. अमृतरावांनी काल संध्याकाळी स्वतः त्या चारही घरी जाऊन सावध केलं होतं आणि आज चारही घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आज चोर ठरली की तिचं पोट आणि नाव दोन्ही गेलीच.

"लेखी काही नको, साहेब," अमृतराव सोफ्यावरून म्हणाले. "नुसता दम द्या. काम सोडून जाईल, विषय संपला."

"आणि पाटल्या?"

"त्या आता कुठल्या मिळतात?"

चार तोळ्यांवर इतक्या सहज पाणी सोडणारा माणूस स्वामी पहिल्यांदाच पाहत होते. ते पारूबाईकडे वळले.

"गुरुवारी किती वाजता आलात?"

"नवाला. पर घरात थेंब न्हवता, साहेब. नळाला पानी येऊन आठवा दिस. पानी शुक्रवारी यायचं. समोरून दोन कळश्या मागून आनल्या, भांडी घासली अन् अकराला गेले. कपाटाकडं म्या फिरकले बी न्हाई."

अमृतरावांच्या पत्नी शीलाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना पारूबाईकडे बघवत नव्हतं.

"पाटल्या शेवटच्या कधी पाहिल्या?" स्वामींनी विचारलं.

"बुधवारी दुपारी. गुरुवारी दुपारी डबी रिकामी."

"बुधवारी कशाला काढल्या होत्या?"

"मागच्या वर्षी नांदेडला माझं ऑपरेशन झालं. पारूबाईची लेक लुंबिनी तिथंच नर्सिंगला होती. सोळा दिवस पोरगी माझ्या उशाशी बसली. आता तिचं लग्न ठरलंय. एक पाटली तिच्या हातात घालणार, असं मी जेवताना सांगितलं."

"घरात सगळ्यांना पटलं?"

"माहेरच्या पाटल्या आहेत माझ्या. विचारायचं कुणाला?"

"पारूबाईंना माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं."

स्वामींनी मान हलवली. घरी चालत येणारं सोनं कोण चोरेल? हा प्रश्न शीलाबाईंनाही पडला असणार, पण त्या दोन दिवस गप्प राहिल्या होत्या. स्वामींना त्यांचा रागही आला आणि कीवही.

कोपऱ्यात चार फुटी काचेची टाकी होती. सून स्वप्नाली जाळीने मेलेला मासा काढत होती. मासे तिच्या नवऱ्याचे, संगमेश्वरचे. तो नोकरीला नांदेडला, रविवारी घरी यायचा.

स्वामी जवळ गेले. हे सिक्लिड मासे त्यांच्या ओळखीचे होते. त्यांचा मुलगाही अशीच टाकी बापाच्या गळ्यात घालून पुण्याला गेला होता.

"हा निळा टाकीचा मालक होता ना?"

"हाव. दोन वर्षं. ती कोपऱ्यातली कपार याची. दुसरं कुणी तिकडं जायचं न्हाई. गुरुवारी दुपारपासून पिवळा याच्या मागं लागला. काल शेपटी फाडली, आज मेला."

कोपऱ्यात आता कपार नव्हती. दगडांचा नुसता ढीग होता, काही दगडांची शेवाळलेली बाजू खाली गेलेली. पुढच्या काचेवर मात्र हिरवा थर जसाच्या तसा होता.

"दगड कुणी हलवले?"

"म्या न्हाई," स्वप्नाली म्हणाली.

"मी हलवले," अमृतराव म्हणाले. "गुरुवारी सकाळी टाकी धुतली, सगळं पाणी बदललं. तुम्ही चोरी बघायला आलात की मासे?"

"घर सगळं शोधलं?"

"पिठाचा डबासुद्धा," शीलाबाई म्हणाल्या.

स्वामी खुर्चीत बसले आणि दुसरी पुढे ओढली. "पारूबाई, फरशीवरून उठा. इथं बसा." ती बसेपर्यंत ते थांबले.

"अमृतराव, गुरुवारी या घरात भांडी घासायला पाणी नव्हतं. कळश्या शेजारून आल्या. लातूरचा माणूस नळाच्या आठव्या दिवशी दोनशे लिटरची टाकी धुतो? आणि धुतली, तर काच हिरवी कशी?"

अमृतराव सोफ्यावरून अर्धवट उठले.

"टाकी धुतली नाही. नुसते दगड उचलले. या माशांचं सगळं राज्य दगडावर असतं. दगड हलले की कुणाची जागा कुठली ते कुणालाच कळत नाही, मग मारामाऱ्या नव्याने सुरू. निळ्याची कपार गेली आणि पिवळ्याने त्याला संपवला. मासे पाळणारा असं करत नाही. हे घाईत काहीतरी दडवणाऱ्याचं काम. शोधताना पिठात हात घालतात लोक, माशांत घालत नाहीत. शिवाय तुम्हाला सोनं परत नकोच होतं, ही बाई जायला हवी होती. स्वप्नालीताई, कोपऱ्यात वाळू उकरा."

स्वप्नालीने बाही वर केली. पिवळा मासा तिच्या बोटांवर धावून आला. वाळूतून आधी एक पाटली निघाली, मग दुसरी.

तिने दोन्ही सासूच्या हातात ठेवल्या.

"माझ्या सहीशिवाय जिल्ह्यातली एक पाइपलाइन हलत नव्हती," अमृतराव शेवटी म्हणाले. "या घरात मला कुणी विचारत नाही. सोनं जातं म्हणून नाही हो. विचारलं नाही म्हणून."

स्वामींना क्षणभर आपले तीन महिने आठवले. पण समोर सोळा वर्षं राबलेली बाई चोर ठरून बसली होती.

"म्हणून हिच्या पोटावर पाय?" ते म्हणाले. "पारूबाई, तुमची तक्रार लिहून घेतो. सांगा."

शीलाबाईंनी ओल्या पाटल्या तिच्यापुढे धरल्या. पारूबाईने हात पुढे केला नाही.

"लुंबिनीला द्यायचं ते तिला द्या, बाई. तिनं सेवा केलीया. माझं निराळं हाय." ती अमृतरावांकडे वळली. "साहेब, माझं नाव तुमी चार घरी घेतलं. त्याच चार घरी चला. मी संगं येते."

अमृतरावांनी बायकोकडे पाहिलं. शीलाबाईंनी त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

स्वामी फाटकाशी वाकून नाड्या बांधत होते. समोरच्या घराची घंटा वाजली, दार उघडलं.

"पाटल्या पारूनं..." अमृतराव अडखळले. "पारूबाईंनी घेतल्या नव्हत्या. मी लपवल्या होत्या."

दारातली बाई बघतच राहिली. पारूबाईने पदर नीट केला आणि पायरी उतरली.

"चला," ती म्हणाली. "अजून तीन हायत."