आज काय चुकलं?

माझा फोन द्राक्षांवरच्या डावणी रोगाच्या औषधात पडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मी द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर कधी, कोणतं, किती औषध मारलं याच्या शेतकऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी तपासायच्या आणि चुका काढायच्या. स्वभावाला साजेसं काम मिळालं, असं आई म्हणते. ऑक्टोबर छाटणी उरकून वेलींना कोवळी पानं फुटली होती तेव्हाची गोष्ट. नाशिकहून स्कूटीवर दिंडोरीला आले आणि पुढे रस्ता चुकले. एका बागेच्या कडेला एक जण ड्रममध्ये औषध कालवत होता. त्याला नकाशा दाखवायला मी फोन पुढे केला, तेवढ्यात मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर धडधडला, मी दचकले, आणि फोन सरळ ड्रमात.

आम्ही दोघं ड्रमात बघत उभे राहिलो.

"आता या सीझनला तरी त्याला डावणी येणार नाय," तो शांतपणे म्हणाला.

मला चिडायचं होतं. हसू आलं.

त्यानं तारेच्या आकड्यानं फोन वर काढला. फोन गेलाच होता. "लय कामाचं होतं का मॅडम त्यात?"

"फोन गेला. काम आहे जागेवर. तुमचा फोन देता जरा?"

त्याच्याकडे पाठ करून मी पासवर्ड टाकला. माझ्या बेचाळीस शेतकऱ्यांच्या फायली, वह्यांच्या पानांचे फोटो, सह्या, सगळं त्याच्या तडा गेलेल्या स्क्रीनवर ओळीनं उभं राहिलं. तो हात पँटला पुसत वाकून बघत होता. कानामागे निळसर औषधाचा ठिपका होता. तो पुसावासा वाटला, हे मी इथंच सांगून टाकते.

"हे माझ्या फोनात कधी आलं?"

"आलं नाही. ते क्लाउडवर आहे. फोन कुठलाही चालतो. एकदा लिहिलेलं जात नाही कुठं."

"मग बरंय," तो म्हणाला. "माणसाचं तसं नसतं."

पुढच्याच आठवड्यात माझ्या यादीत नवा प्लॉट, म्हणजे नवी बाग आली. शेतकऱ्याचं नाव गोरक्ष, तोच तो ड्रमवाला. मी योगायोग समजले. त्यानं पॅकहाऊसला तीन चकरा मारून नाव नोंदवलं होतं, हे बरंच नंतर कळलं.

माझ्या सगळ्या शेतकऱ्यांना मी भाऊ म्हणते. याला पहिल्या दिवशी म्हणायचं राहून गेलं आणि मग जमलंच नाही.

मी त्याला काम शिकवलं. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा ॲपमधून फोटो काढायचा, तो आपल्या दोघांच्या फोल्डरमध्ये टाकायचा, आणि तीच नोंद मोबाईलवरच्या तक्त्यात भरायची. तुम्ही बागेत भराल, मला नाशिकला दिसेल. वही आणि तक्ता जुळला नाही, तर मात्र मला स्वतः येऊन वही बघावी लागते, तसा नियमच आहे.

"स्वतः?" त्यानं विचारलं.

"स्वतः."

पहिल्या आठवड्यात सगळं चोख होतं. दुसऱ्या आठवड्यापासून चुका सुरू झाल्या. सहाशे लिटर पाण्याच्या जागी साठ. भुरी रोगाच्या औषधासमोर डावणी. तारीख एक दिवस पुढे. शुक्रवार माझा दिंडोरीचा दिवस, त्यामुळे दर शुक्रवारी मी त्याच्या बांधावर हजर. हा मात्र फवारणीच्या दिवसांत इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडून उभा.

त्याची आई सिंधुबाई चहा आणायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, "आज काय चुकलं याचं?"

"तारीख, मावशी."

"असाच हाय तो. शाळेत पण गणित सोडून सगळं यायचं."

मग आम्ही वेलींखाली वही घेऊन बसायचो. चूक पाच मिनिटांत निघायची. मी तासभर थांबायची. तो घड हातात धरून दाखवायचा, मणी किती फुगला, कुठे विरळणी कमी पडली. त्याच्या बोटांना घाई नसे. एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही चुका बघताना कपाळाला आठी घालता. चूक सापडली की जाते." मी आठी घातली. "ही बघा," तो म्हणाला.

सटाण्याहून आईचा फोन यायचा. "दर शुक्रवारी दिंडोरी? तिठे काय शे इतलं?"

"चुका," मी म्हणायची.

खरं सांगायचं तर गुरुवारी रात्री मीच त्याचा तक्ता उघडून चूक शोधायला लागले होते. सापडली की हिरवी ओढणी बाहेर काढायची.

जानेवारीत फायली बंद करायची वेळ आली. त्यानंतर द्राक्षांचे नमुने औषधाचा अंश तपासायला लॅबमध्ये जातात आणि प्लॉट परदेशी जायच्या यादीत बसतो किंवा बाहेर पडतो. गोरक्षनं तीन वर्षं राबून ही बाग या दर्जाला आणली होती, यादीत बसायची ही त्याची पहिली वेळ. मी ऑफिसात लॅपटॉपवर त्याचा तक्ता उघडला. मोबाईलवर शेवटचं लिहिलेलं तेवढंच दिसतं. लॅपटॉपवर जुन्या आवृत्त्याही दिसतात, कोणी कधी काय बदललं ते. एक तारीख पक्की करायला मी त्या उघडल्या.

गुरुवार, सात वाजून दहा मिनिटं, सहाशे लिटर. सात पंचवीसला त्याचे साठ. शुक्रवारी, मी गेल्यावर, पुन्हा सहाशे.

त्याआधीचा गुरुवार. आधी बरोबर, मग चूक. त्याच्याआधीचाही. दहाच्या दहा गुरुवार.

भरलेली नोंद मागाहून विनाकारण बदलणारा माणूस आमच्या कामात एकाच कारणासाठी बदलतो, काहीतरी लपवायला. असं दिसलं की प्लॉट यादीतून बाहेर, असा नियम आहे. मी वहीचे फोटो पुन्हा पाहिले. वही एकदाही खोटी नव्हती. औषध बरोबर, प्रमाण बरोबर. खोटी होती ती फक्त चूक. मग मला कळलं, आणि ऑफिसात बसल्या जागी माझे कान तापले.

त्या दिवशी सोमवार होता. तरी गेले. तो मळक्या बनियनवर, केस पिंजारलेले.

"आज तर सोमवार..." तो म्हणाला.

मी लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. त्यानं बराच वेळ वाचलं.

"पुसलं की जातं, असं वाटलं."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लिहिलेलं जात नाही."

"ते कामाचं बोलताय असं वाटलं."

"कशासाठी केलं हे?"

तो वेलीची एक सुटी तार उगाच गुंडाळत राहिला. "पहिल्या आठवड्यात सगळं बरोबर लिहून पाठवलं होतं. तुमचा नुसता अंगठा आला. तो पिवळा." त्यानं तार सोडली. "बरोबर माणसाकडे कोण येतं, मॅडम?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ओरडले. "या तक्त्याखाली माझी सही आहे. तुमचा प्लॉट जाईल, कळतंय का?"

"प्लॉट गेला तर जाऊ द्या. मीच सांगतो तुमच्या साहेबांना. तुमच्यावर यायला नको." मग हळूच म्हणाला, "मला तुम्ही आवडता. हे एक बरोबर लिहायचं राहिलं."

बोलायची पाळी माझी होती, पण मधे माझी सही होती. तशीच निघून आले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसचे साहेब देवरे सरांपुढे सगळ्या आवृत्त्या आणि वहीचे सगळे फोटो ठेवले. एकही गाळला नाही. कारणही सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. नोकरीला तीस वर्षं झालीत, पण असं प्रकरण त्यांच्याकडे आलं नसावं.

"एकाऐवजी दोन नमुने घेऊ," ते म्हणाले. "निकाल स्वच्छ आला तर तुझ्या खुलाशासकट प्लॉट राहील. नाही आला तर माझ्या हातात काही नाही."

"आणि सर, तो प्लॉट माझ्याकडून काढा. रोहितच्या यादीत टाका."

"का? निकाल तर येऊ दे."

"निकाल कसाही आला तरी. त्या प्लॉटकडे मला आता सरळ बघता येत नाही."

सरांनी मान डोलावली. जागेवर येऊन मी फोल्डर उघडला आणि त्यातून माझं नाव काढलं. एका क्षणात तीन महिन्यांचं सगळं माझ्या स्क्रीनवरून गेलं. तिकडे त्याच्या फोनवर काय दिसलं असेल ते मला ठाऊक होतं. फोन करावासा वाटला. नमुने लॅबमध्ये असताना करणं बरं नव्हतं, म्हणून केला नाही. ते बारा दिवस मी कसे काढले, ते कुठल्याच तक्त्यात नाही.

तेराव्या दिवशी रोहितनं सांगितलं, दोन्ही नमुने स्वच्छ. दिवस रविवारचा. मी बॅग घेतली नाही, लॅपटॉप घेतला नाही. स्कूटी काढली.

तो बांधावर बसला होता. मला बघून उठला, पण पुढे आला नाही.

"रोहित साहेबांचा फोन आला. प्लॉट राहिला," तो म्हणाला. "तुम्ही फोल्डरमधनं गेलात ते त्याच दिवशी दिसलं. समजलं मला. चूक माझीच होती."

"काय समजलं?"

"की... तुम्ही गेलात."

"त्यात राहिले असते तर तुमच्या नोंदी तपासाव्या लागल्या असत्या," मी म्हणाले. "आवडत्या माणसाच्या नोंदी मला तपासता येत नाहीत. म्हणून निघाले."

त्याला कळायला वेळ लागला. गणित कच्चंच होतं त्याचं.

"मॅडम..."

"मॅडम नाही. तुमचे साहेब आता रोहित. माझं नाव सृष्टी."

त्यानं ते नाव मोठ्यानं म्हटलं नाही, नुसते ओठ हलले. मला तेवढंही पुरलं. त्याच्या कानामागे आजही एक निळा ठिपका होता. मी ओढणीच्या टोकानं तो पुसला.

पडवीतून सिंधुबाई चहाचे कप घेऊन येत होत्या. माझे रिकामे हात त्यांनी पाहिले, मग त्याचं तोंड पाहिलं.

"आज काय चुकलं याचं?"

"आज काही नाही, मावशी."

त्यांनी कप खाली ठेवले आणि पदराला हात पुसले. "मग आज घाई कशाची? पिठलं टाकते. जेवूनच जा."